बेल्टच आहे, दुसरं काय!

गाडी थरथरते आहे हे मास्तरांना पहिल्यांदा कळलं ते भर चौकात, लाल दिव्यापाशी. शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांनी त्यांना ओळखून काच खाली केली आणि आदराने हात केला. मास्तरांनीही हात वर केला. पण सीट थरथरत होती, सीटमुळे मास्तर थरथरत होते आणि मास्तरांमुळे त्यांचा हात. 'मास्तर आता थकले बरं का' हे त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट उमटलं की दिवा हिरवा झाल्यावरही ते क्षणभर हळहळत तिथेच थांबले.

तुमची-माझी गाडी थरथरली तर आपण गुपचूप गॅरेजचा रस्ता धरतो. मास्तरांना ती सोय नव्हती. हे मास्तर शाळेतले नव्हेत, गाडीमास्तर. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती. उरलेलं अर्धं गाव त्यांच्या विद्यार्थ्यांना चुकवत रस्ता ओलांडायला शिकलं, तेव्हा तेही एका अर्थी त्यांनीच तयार केलं म्हणायला हरकत नाही. शिकवताना मास्तर शेजारच्या सीटवर बसायचे. त्यांच्या पायाखाली क्लच आणि ब्रेकची जादा जोडी असायची आणि हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र. पहिला नियम एकच : "नजर रस्त्यावर! पायाकडे बघायचं नाही!" ज्याने पायाकडे बघितलं त्याच्या मानेवर त्या दिवशीच्या सगळ्या बातम्या एकदम पडायच्या. डॉक्टर, वकील, दुकानदार, सगळ्यांनी हा प्रसाद खाल्लेला होता. त्यामुळे आजही त्या गावात कुणी गाडीत बसून स्वतःच्या पायाकडे बघत नाही, मग दुसऱ्याच्या पायाकडे बघणं तर लांबच राहिलं.

या विद्यापीठातून सुटलेली एकच व्यक्ती होती, ती म्हणजे मास्तरांची पत्नी. लग्नानंतर लवकरच ती हौसेने शिकायला बसली होती. गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, तिथे ती उतरली आणि चालत घरी आली. गल्लीत नेमकं काय बोलणं झालं ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही, पण पुढे कित्येक दिवस मास्तरांना जेवताना हवं ते स्वतः वाढून घ्यावं लागत होतं. बाई सरकारी रुग्णालयात परिचारिका होत्या, आणि निवृत्त झाल्या तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. स्वतः मास्तरही बाहेरच्यांशी बोलताना "आमच्या सिस्टर" म्हणत.

तर या सिस्टरना आता गाडी हवी होती, आणि ती कारणाशिवाय नव्हे. टेकडीवरच्या वस्तीत एक लहानसा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाई एकटीच्या बळावर तो चालवत होत्या. आठवड्यातून दोन दिवस याल का, असं त्यांनी सिस्टरना विचारलं होतं. बस टेकडीच्या पायथ्याशीच माघार घ्यायची. पुढचा चढ सिस्टरच्या डाव्या गुडघ्याला झेपणारा नव्हता, कारण वर्षानुवर्षं वॉर्डात उभं राहून त्या गुडघ्याने कायमचा संप पुकारला होता. क्लच दाबणं त्याच कारणाने बाद. म्हणजे गाडी हवी, तीही ऑटोमॅटिक, आणि महिनाअखेरपर्यंत, कारण तोवर उत्तर आलं नाही तर डॉक्टरीणबाई दुसरं कुणी शोधणार होत्या. निवृत्त झाल्यापासून सिस्टर घरातल्या कुंड्यांना औषध द्यावं तसं वेळेवर पाणी घालत होत्या, पण कुंड्यांवर त्यांचं मन रमत नव्हतं. दवाखान्याचं विचारणं आलं त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात गुणगुणत होत्या, आणि मास्तरांनी ते ऐकलं होतं.

सिस्टरच्या भावाने, म्हणजे मास्तरांच्या मेहुण्याने, उत्साहाच्या भरात एक लाल स्पोर्ट्स कार घेतली होती. दोन दारं, बसकी, गिअरची कटकट नाही. मग त्याला जुळी झाली आणि दोन दारांतून जुळ्यांचा संसार आत जाईना. गाडी बहिणीकडे आली. त्या गाडीत बसायचं नसतं, पडायचं असतं. उतरायच्या वेळी तर कुणाला तरी बाहेरून हात धरून ओढावं लागतं. मास्तर पहिल्यांदा बाहेर आले ते रांगत, आणि आपण टायर तपासायला वाकलो होतो असं त्यांनी सांगितलं.

चौकातला प्रसंग घडला त्याच संध्याकाळी मास्तर गाडी घेऊन आवारात शिरले तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी आणि तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर तिथेच उभे होते. दोघेही जुने विद्यार्थी. त्यांच्यासमोर गाडी फाटकापासून जिन्यापर्यंत थरथरत आली, आणि मागोमाग जळक्या रबरासारखा वास.

"मास्तर, काय झालं हो गाडीला?" सेक्रेटरींनी विचारलं.

इथे मास्तर म्हणू शकले असते की बघतो, कळेना. पण समोर विद्यार्थी होते. मास्तरांनी एक डोळा बारीक केला, इंजिनाकडे कान लावला आणि निकाल दिला. "बेल्ट. इंजिनच्या पुढे बेल्ट फिरतो, तो थरथरतोय. बेल्टच आहे, दुसरं काय!"

बोलून गेले आणि बांधले गेले. पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ या एका वाक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडलं. बॉनेट उघडलं की माणसं जमतात, हा निसर्गनियम आहे. सेक्रेटरी नियमावली घेऊन आले, कारण आवारात वाहन धुण्याला परवानगी होती, उघडण्याला नव्हती.

"पण आम्ही धुतोच आहोत," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी फिरत्या बेल्टवर पाणी शिंपडलं. ही जुनी परीक्षा. पाण्याने आवाज बदलला तर दोष बेल्टचा. पाणी बेल्टवरून उडून सरळ सेक्रेटरींच्या नियमावलीवर गेलं. आवाज बदलला, पण तो सेक्रेटरींचा.

मग दातांचे डॉक्टर पुढे झाले. त्यांना कुठलीही दुखरी जागा दिसली की ठोकून बघायची सवय. त्यांनी पुल्या एकेक करून टिचक्या मारून पाहिल्या आणि म्हणाले, "ही हलतेय. मूळ धरून नाहीये. मागून बघायला पाहिजे." त्यांनी खिशातून लांब दांड्याचा छोटा आरसा काढला, दाताची मागची बाजू बघतात तो, आणि इंजिनात घातला. "आ करा," असं ते सवयीने म्हणालेदेखील. तेवढ्यात आरसा हातातून निसटला आणि खाली कुठेतरी खोल जाऊन पडला. आतापर्यंत गाडीला नुसती थरथर होती, आता किणकिणही सुरू झाली.

"निदान आता नेमका आवाज कुठून येतो ते कळतंय," डॉक्टर धीर देत म्हणाले.

सिस्टर खिडकीतून हे सगळं बघत होत्या. त्यांनी वरून विचारलं, "अहो, मी जरा बसून बघू का गाडीत?"

"आधी गाडी तर नीट होऊ दे!" मास्तर ओरडले.

हे वाक्य पुढे घरात इतक्या वेळा झालं की ते घड्याळाच्या टोल्यासारखं वाटू लागलं. सिस्टरनी शिकाऊ लायसन काढलं होतं, नियमांचं पुस्तक तोंडपाठ केलं होतं. पण आधी गाडी तर नीट होऊ दे.

मालकी बदलण्यासाठी परिवहन कार्यालयात अर्ज द्यायचा होता. गाडी सिस्टरच्या नावावर झाल्याशिवाय विमा त्यांच्या नावाचा होणार नव्हता, आणि विम्याशिवाय त्यांना रस्त्यावर सोडायला मास्तर तयार नव्हते. अर्जात एक रकाना होता : वाहनात काही दोष असल्यास. मास्तरांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'इंजिनचा बेल्ट थरथरतो.'

खिडकीतल्या कारकुनाने तो रकाना वाचला आणि चष्मा काढला. "मास्तर, हे कशाला लिहिलंत? ही जागा सगळे रिकामी सोडतात."

"मी जन्मभर नियम शिकवलेत."

"ते खरं हो. पण आता दोष दूर झाल्याचा शेरा लागेल."

"तो कोण देणार?"

"इन्स्पेक्टरसाहेब. गाडी मैदानात आणायची, ते बघतील."

"आणि दूर झाला नसेल तर?"

"मग दूर झाला नसल्याचा शेरा लागेल. पण तसा शेरा असेल तर अर्ज घेता येत नाही."

मास्तरांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. हा पोरगा उलटी गाडी घेताना नेहमी भिंतीला लावायचा, हे त्यांना आठवलं. भिंत आता त्याच्या बाजूने होती.

तेव्हा गॅरेज अटळ झालं. गॅरेजवालाही अर्थातच विद्यार्थी. त्याने मास्तरांना बघून खुर्ची पुसली, स्वतः गाडीत बसला, रस्त्यावर एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "मास्तर, गाडी तर लोण्यासारखी चालतेय. नुसतं काहीतरी किणकिणतंय."

"किणकिण डॉक्टरांची आहे. थरथर वेगळी," मास्तर म्हणाले. मग ते स्वतः बसले. गाडी पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी हलायला लागली, आणि तो जळका वासही आला. गॅरेजवाल्याने बॉनेटवर डोकं टेकलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

"आली, मास्तर! आली! पण माझ्या हातात का नाही येत?"

"तुझ्या वजनाने दबत असेल," मास्तर म्हणाले. गॅरेजवाला अंगापिंडाने भरलेला होता. त्याला ते पटलं, निदान पटल्यासारखं त्याने दाखवलं. मास्तरांशी वाद घालण्यापेक्षा इंजिन खोलणं सोपं, हे तो शिकाऊ असतानाच शिकला होता.

जुना बेल्ट काढला. त्याला खरोखर बारीक चिरा पडल्या होत्या. मास्तरांनी तो हातात धरून असा उंचावला की जणू गुन्हेगाराला कोर्टात उभं केलंय. आरसाही सापडला, तो डॉक्टरांकडे रवाना झाला. नवा बेल्ट बसला. मास्तर गाडीत पडले, निघाले. थरथर जशीच्या तशी.

मग बेल्टला ताण देणारी पुली बदलली. थरथर. मग दुसऱ्या पुलीचं बेअरिंग बदललं. थरथर. इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर टेकलेलं असतं ते तपासले. ठोकळे ठणठणीत होते आणि थरथरही. दरवेळी पद्धत तीच. मास्तर आत, बाकीचे सगळे बॉनेटवर ओणवे, कान इंजिनाला. गाडीच्या तोंडाशी माणसांची दाटी आणि मागच्या बाजूला कुत्रंही नाही.

शेवटी गॅरेजवाल्याने हात टेकले. "मास्तर, एक करू. बेल्टच काढून टाकू आणि क्षणभर चालवून बघू. जास्त वेळ नाही चालवायची, इंजिन तापेल. बेल्ट नसताना थरथर गेली तर दोष बेल्टचा किंवा पुल्यांचा. नाही गेली तर..."

बेल्ट काढून बाकावर ठेवला. मास्तर बसले. गाडी पुढे सरकली, आणि थरथरली. सगळ्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग बाकावर शांतपणे पडलेल्या बेल्टकडे, मग मास्तरांकडे.

आता कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता की बेल्ट सुटला बुवा या आरोपातून. पण मास्तरांच्या घशाशी सेक्रेटरी, डॉक्टर, कारकून आणि अर्धं गाव येऊन बसलं होतं. ते म्हणाले, "बेल्टचीच आहे. इतके दिवस थरथरून इंजिनला सवय लागलीय."

गॅरेजवाला खाली मान घालून बेल्ट परत चढवू लागला. "मग आता गिअरबॉक्स उतरवावा लागेल, मास्तर," तो म्हणाला. "महिना तरी जाईल."

ही बातमी घेऊन मास्तर घरी आले तेव्हा सिस्टर फोनपाशी बसल्या होत्या. महिनाअखेर आली होती. मास्तर गॅलरीत जाऊन उभे राहिले, पण गॅलरीचं दार काही घट्ट लागत नसे.

"नाही हो डॉक्टर, गाडी अजून झाली नाही," सिस्टर फोनवर सांगत होत्या. "बेल्टचं काम निघालंय... हो, समजते मी. तुम्हाला तरी किती थांबता येणार... इन्स्पेक्टरसाहेबांची तारीख उद्याचीच आहे, मैदानात न्यायचीय गाडी. उद्या नाही झालं तर मग तुम्ही त्या दुसऱ्या बाईंना कळवा. माझ्यासाठी पेशंटची अडचण नको."

फोन ठेवून त्या उठल्या आणि कुंड्यांना पाणी घालायला गॅलरीत आल्या. पाणी सकाळीच घालून झालं होतं. मास्तरांना एकदम फार वाईट वाटलं. बेल्ट, पुली, सेक्रेटरी सगळं बाजूला राहिलं, आणि या बाईने आपल्याकडे आजवर मागितलेली ही एकच गोष्ट आहे आणि तीही आपल्याच्याने होत नाही, हे त्यांना बोचलं. त्यांना काहीतरी मायेचं बोलायचं होतं. त्याऐवजी ते म्हणाले, "कुंडीत फार पाणी झालं," आणि आत गेले.

परीक्षेचं मैदान म्हणजे मास्तरांचं राज्य. चुन्याने आखलेला आठचा आकडा, कडेला टायरांची रांग, कोपऱ्यात पत्र्याची शेड. इथे त्यांनी हजारोंना पास होताना पाहिलं होतं आणि त्याहून जास्त जणांना रडताना. आज तिथे गॅरेजवाला अवजारं घेऊन आला होता. सेक्रेटरी आले होते, कारण सोसायटीच्या आवारातल्या वाहनाचं भवितव्य ठरताना पदाधिकारी हजर असावा असं त्यांचं मत होतं. इन्स्पेक्टरही मास्तरांचाच विद्यार्थी. त्याने "या मास्तर" म्हणून टोपी सारखी केली.

"तू लांब मागे उभी राहा," मास्तर सिस्टरना म्हणाले. "बेल्ट तुटून उडाला तर लागायचा."

सिस्टर मागे टायरांपाशी जाऊन उभ्या राहिल्या. बाकीचे तिघे नेहमीप्रमाणे बॉनेटपाशी गोळा झाले.

"हळूहळू पुढे घ्या, मास्तर," इन्स्पेक्टर म्हणाला.

गाडी पुढे सरकली आणि थरथरू लागली. तिघेही तिच्याबरोबर बाजूबाजूने ओणवे चालू लागले. सिस्टर मात्र मागून बघत होत्या, आणि त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. गाडी पुढे चालली होती आणि मागचे लाल दिवे ढळढळीत पेटलेले होते. नियमांच्या पुस्तकात त्यांनी पाठ केलं होतं : मागचे लाल दिवे लागले म्हणजे चालक ब्रेक दाबतो आहे. इथे तर गाडी चाललीय आणि थांबतेय म्हणून सांगतेय!

सिस्टर लंगडत पुढे आल्या आणि मास्तरांच्या खिडकीशी वाकल्या. इंजिनाकडे त्यांनी बघितलंच नाही. आयुष्यभर त्यांनी पेशंट बघितले होते, त्यांनी पेशंट बघितला. वरपासून खालपर्यंत. आणि त्या कधी मास्तरांच्या विद्यार्थिनी नसल्यामुळे थेट पायाकडे बघितलं.

मास्तरांचा उजवा बूट अ‍ॅक्सिलरेटरवर होता. आणि डावा बूट? आयुष्यभर क्लचवर राहिलेला तो डावा बूट, क्लच नावाची वस्तू या गाडीत नाही हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ब्रेकचं ऐसपैस पेडल सापडल्यावर तो तिथे मुक्कामाला आला होता, आणि मनापासून दाबत होता. एक पाय म्हणत होता चल, दुसरा म्हणत होता थांब, आणि मधल्या मध्ये ती बिचारी लाल गाडी थरथर कापत, ब्रेक जाळत दिवस काढत होती.

रुग्णालयात सिस्टरनी असे पेशंट पाहिले होते, जे स्वतःच नाक दाबून धरतात आणि श्वास कोंडतो म्हणून तक्रार करतात. त्यांच्या तोंडावर हसू आलं आणि त्यांनी ते पदराआड केलं. मग त्यांनी मान वर करून पाहिलं. इन्स्पेक्टर, गॅरेजवाला, सेक्रेटरी, आणि कार्यालयाच्या खिडकीतून मान काढलेला कारकून. सगळे मास्तरांचे विद्यार्थी. आणि आत मास्तर, घामाघूम, कानांपर्यंत लाल झालेले.

एक वाक्य बोलायचा अवकाश होता. सिस्टर ते बोलल्या नाहीत.

"साहेब," त्या इन्स्पेक्टरला म्हणाल्या, "मी चालवून बघू का जरा? माझ्याकडे शिकाऊ लायसन आहे."

"मैदानातल्या मैदानात? शेजारी मास्तर आहेत म्हटल्यावर काय हरकत आहे!" इन्स्पेक्टर म्हणाला.

"अगं, पण बेल्ट..." मास्तर म्हणेपर्यंत गॅरेजवाल्याने त्यांचा हात धरून त्यांना गाडीतून उपटून काढलं आणि पलीकडच्या सीटवर नेऊन ठेवलं.

सिस्टर बसल्या. सीट पुढे घेतली, आरसा सारखा केला, पट्टा लावला. डावा गुडघा सावकाश कडेला ठेवून दिला. आणि गाडी निघाली.

मास्तरांनी सवयीने दोन्ही पाय पुढे घातले. खाली काही नव्हतं, नुसतं पायपुसणं. सिस्टर आठच्या आकड्यात शिरल्या. मास्तर ओरडायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की त्यांचा गाल हलत नाहीये. सीट हलत नाहीये. वास नाही. गाडी चुन्याच्या रेघेवरून अशी चालली होती की शेडमधल्या चहाच्या कपातही लहर उठली नसती. हे कसं काय? आणि मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला. त्यांनी पायाकडे बघितलं. सिस्टरचा एकच पाय काम करत होता, आळीपाळीने, शहाण्यासारखा. दुसरा कडेला स्वस्थ पडला होता. मग मास्तरांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. वळण आलं की त्यांचा डावा बूट पायपुसण्यावर जीव खाऊन दाबला जात होता.

मास्तरांच्या डोळ्यांसमोर लख्ख उजाडलं आणि लगेच अंधारी आली. नवा बेल्ट, नवी पुली, बेअरिंग, काढून टाकलेला तो निरपराध जुना बेल्ट! आता गाडी थांबेल, आता ही उतरेल आणि सगळ्यांना सांगेल, आणि संध्याकाळपर्यंत गावात पोरंटोरंसुद्धा डावा पाय नाचवत फिरतील. सांगू दे, त्यांनी मनात म्हटलं, तिचा हक्क आहे.

गाडी थांबली. तिघेही धावत आले.

"गेली की थरथर!" गॅरेजवाला म्हणाला. "सिस्टर, काय केलंत?"

"मी काय करणार?" सिस्टर म्हणाल्या. "बेल्ट नवा आहे ना, बसायला वेळ लागला असेल. आता बसला. मास्तर पहिल्यापासून म्हणतच होते, बेल्टच आहे म्हणून."

"म्हणत होते," सेक्रेटरींनी साक्ष दिली. "माझ्यासमोर म्हणाले होते."

"असतं, असतं, नव्या बेल्टचं असं असतं," गॅरेजवालाही म्हणाला. गिअरबॉक्स उतरवायला लागत नाही म्हटल्यावर त्याने कुठलंही शास्त्र मान्य केलं असतं. इन्स्पेक्टरने शेरा मारला. मास्तरांनी खाली मान घालून कागद घेतला. सगळ्यांना वाटलं, विजयाने माणूस नम्र होतो तो असा.

दोघं घरी आले. सिस्टरनी आधी फोन करून डॉक्टरीणबाईंना होकार कळवला. मग जेवताना मास्तरांच्या पानात वाढता वाढता म्हणाल्या, "तुमचा डावा गुडघा दुखतो का हो?"

"नाही."

"बरंय. तरी त्याला जरा विश्रांती देत जा," एवढंच म्हणून त्यांनी दुसरा विषय काढला. हे बोलणं मास्तरांना सगळ्या गावासमोर झाली असती त्या फजितीपेक्षा जास्त लागलं, आणि जेवण मात्र फार दिवसांनी गोड लागलं.

कागदपत्रं झाली, विमा झाला. पहिल्या दिवशी टेकडी चढताना नियमाप्रमाणे शेजारी लायसनवाला हवाच, म्हणून मास्तर बरोबर होते. चढ उभा होता, वळणं अंगावर येणारी होती. मास्तरांनी दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे धरून ठेवले होते. प्रत्येक वळणाला सूचना घशापर्यंत यायची आणि ते ती गिळायचे. वर पोहोचले तेव्हा त्यांचं पोट सूचनांनी भरलं होतं.

डॉक्टरीणबाई पायरीवर येऊन उभ्या होत्या. त्यांच्या मागे बाकावर पेशंट वाट बघत बसले होते. सिस्टर मास्तरांच्या हाताला धरून गाडीतून उतरून पिशवी काढायला मागे गेल्या आणि डॉक्टरीणबाई मास्तरांना म्हणाल्या, "तुमचं नाव फार ऐकलंय, मास्तर. माझ्या भावाला तुम्हीच शिकवलंत. पण तुमच्यासारखा माणूस शेजारी असताना एवढा चढ सिस्टर कशा काय चालवत आल्या?"

उत्तरं बरीच होती. सरावासाठी, म्हणता आलं असतं. सहज, म्हणता आलं असतं. बाकावरचे पेशंटही ऐकत होते, आणि त्यातले निदान दोघं विद्यार्थी असल्यासारखे वाटत होते. मास्तरांनी घसा साफ केला.

"मला ऑटोमॅटिक चालवता येत नाही, डॉक्टर," ते म्हणाले. "माझा डावा पाय ब्रेकवर जातो. त्यामुळेच गाडी थरथरत होती. बेल्टचा काही दोष नव्हता. आमच्या सिस्टर चालवतात उत्तम, त्यांच्याकडूनच शिकेन म्हणतो."

डॉक्टरीणबाईंना तो विनोद वाटला आणि त्या मोकळेपणाने हसल्या. बाकावरचेही हसले. सिस्टर हसल्या नाहीत. पिशवी हातात धरून त्या गाडीच्या मागे तशाच उभ्या राहिल्या, मग पुढे आल्या आणि गाडीची किल्ली मास्तरांच्या तळहातावर ठेवली.

"उतरताना तुम्ही घ्या गाडी," त्या म्हणाल्या. "मी बसते शेजारी. आणि असं तोंड करू नका हो, सुरुवातीला सगळ्यांचंच होतं."